फॉस्फेटचा दगड आणि फेसाची विद्या

शेतकरी बाजारांतून सुपर फॉस्फेटचें पोतें आणतो, तेव्हां त्यांतील करड्या भुकटीचा पूर्वेतिहास त्याला ठाऊक नसतो, आणि तो ठाऊक असावा अशी अपेक्षाहि कोणी करीत नाहीं. ती भुकटी मूळचा एक दगड. बहुधा तो प्राचीन समुद्राच्या तळाशीं सांचलेला असतो. क्वचित् भूगर्भांतील तप्त रस गोठून झालेला असतो. त्यांतील स्फुरद हें द्रव्य जोंधळ्याच्या दाण्याला लागतें, गाईच्या हाडाला लागतें, माणसाच्या दांताला लागतें, आणि त्याच्या ऐवजीं दुसरें कोणतेंहि मूलद्रव्य चालत नाहीं. नत्र हवेंतून काढतां येतो; स्फुरद मात्र खाणींतूनच आणावा लागतो. खाणींतला दगड तर क्वचितच शुद्ध सांपडतो. वाळू, चिकणमाती, चुनखडी, डोलोमाइट असे सोबती त्याला बिलगलेले असतात. त्यांच्यापासून फॉस्फेट वेगळें करण्याची जी रीत विसाव्या शतकांत रूढ झाली तिला फ्लोटेशन म्हणतात. मराठींत तिला फेसाची विद्या म्हणावयास हरकत नाहीं. या विद्येचा इतिहास सांगतांना शोधकांचीं नांवें आणि पेटंटांचीं सालें देण्याचा परिपाठ आहे. तीं द्यावींतच; परंतु बारकाईनें पाहिलें तर या इतिहासाला प्रत्येक वेळीं नवें वळण दिलें तें खाणींतील दगडाच्या लहरी स्वभावानें, असें दिसून येईल.

ताक घुसळलें म्हणजे लोणी वर येतें. परंतु लोणी पाण्याहून हलकें. तें वर आलें यांत नवल कसलें? फॉस्फेटचा कण पाण्याच्या तिपटीहून जड, वाळूचा कण अडीचपटीहून जड. दोघेहि बुडणारे. मग एकाला तरंगवावें आणि दुसऱ्याला बुडूं द्यावें, हें साधावें कसें? अळवाच्या पानावर पडलेला पाण्याचा थेंब पान न भिजवितां मोत्यासारखा घरंगळत जातो. पानाच्या पृष्ठभागाला पाण्याचें वावडें असतें म्हणून असें घडतें. दगडाचें बारीक पीठ करून त्यांतील हव्या त्या कणांच्या अंगीं असें वावडें उत्पन्न केलें आणि पाण्यांत हवेचे बुडबुडे सोडले, तर ते कण पाण्याला सोडून बुडबुड्याला चिकटतात आणि त्याच्या पाठीवर बसून वर येतात. वरचा फेस निथळून घेतला कीं काम झालें. वावडें उत्पन्न करण्याचें काम तेलकट किंवा साबणासारखें एखादें द्रव्य करतें. सारी मेख येथें आहे. तें द्रव्य हव्या त्याच कणाला चिकटलें पाहिजे, आणि नको त्या कणानें त्याला जवळ येऊं देतां कामा नये.

तेलाला कांहीं खनिजें बिलगतात, ही गोष्ट विल्यम हेन्स या इंग्रजानें १८६० सालच्या पेटंटांत नमूद केली होती. जर्मनींत ड्रेस्डेन येथील बेसेल बंधूंनीं १८७७ सालीं तेल आणि बुडबुडे यांच्या साह्यानें ग्राफाइट वर काढलें. अमेरिकेंत कॅरी एव्हरसन या बाईंनीं तेल व आम्ल यांची जोडी १८८६ सालच्या पेटंटांत मांडली. पुढें वृत्तपत्रांनीं या बाईंना शाळेंतील शिक्षिका बनविलें, आणि खनिजाचीं तेलकट पोतीं धूत असतां त्यांना हा शोध अकस्मात् लागला अशी कथा पसरविली. वस्तुतः त्या एका डॉक्टरांच्या पत्नी होत्या व रसायनशास्त्राचा अभ्यास करून त्यांनीं चिकाटीनें प्रयोग केले होते. शिक्षकवर्गाला मिळालेला हा मान परत करावा लागतो, याला इलाज नाहीं!

ग्राफाइटचें काम सोडलें तर हीं पेटंटें बरीच वर्षें कागदावरच राहिलीं. कारण उघड होतें. सोपा दगड हाताशीं असतांना अवघड विद्या कोण शिकतो? ती शिकण्याची पाळी प्रथम आली ऑस्ट्रेलियांतील ब्रोकन हिल येथें. तेथील खाणीचा शोध १८८३ सालीं लागला. वरच्या थरांतील हवापाण्यानें मुरलेलें चांदी-शिशाचें खनिज भट्टींत सहज वितळे. तें संपत आलें आणि खालचा ताजा दगड लागला, तेव्हां शिसें व जस्त यांचीं गंधकयुक्त खनिजें एकमेकांत इतकीं गुंतलेलीं निघालीं कीं जस्ताचा भाग लक्षावधि टनांनीं उकिरड्यावर जाऊं लागला. चार्ल्स पॉटर या मद्य गाळण्याच्या धंद्यांतील गृहस्थानें आणि खाणीचे व्यवस्थापक डेलप्रॅट यांनीं १९०२ च्या सुमारास त्या चोथ्यावर ऊन आम्ल ओतून पाहिलें. चोथ्यांत थोडें कार्बोनेट होतें. त्याचा वायु सुटला, बुडबुडे झाले आणि जस्ताचें खनिज त्यांच्यासवें वर आलें. म्हणजे ज्या भेसळीला खाणवाले शिव्या देत तिनेंच बुडबुडे पुरविले! अर्थात् जेथील दगडांत ती भेसळ नव्हती तेथें ही युक्ति लंगडी पडे. १९०५ सालीं लंडनच्या मिनरल्स सेपरेशन या कंपनीच्या सल्मन, पिकार्ड आणि बॅलट या त्रयीनें अत्यल्प तेल आणि जोराची घुसळण यांची रीत बसविली, तेव्हां ही विद्या एका गांवच्या मातीपासून सुटली व जगभर गेली.

फॉस्फेट मात्र निराळ्या वाटेनें या कथेंत येतें. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत इंग्लंडांत हाडांचा चुरा शेतांत टाकीत. जॉन लॉझ यानें हाडें व फॉस्फेटयुक्त दगड गंधकाम्लांत मुरवून पाण्यांत विरघळणारें खत केलें आणि १८४२ सालीं त्याचें पेटंट घेतलें. हाडें पुरेनाशीं झालीं, तेव्हां दगडाचा शोध सुरू झाला. व्यापारांत आजहि फॉस्फेटचा कस ‘बोन फॉस्फेट ऑफ लाइम’ म्हणजे हाडांतील चुनामिश्रित फॉस्फेट या मापानें मोजण्याची चाल आहे. हाडें गेलीं, त्यांचें नांव मागें राहिलें. अमेरिकेंत साउथ कॅरोलिना प्रांतांत १८६७ सालापासून खाणी चालूं लागल्या. १८८१ सालीं फ्लॉरिडा प्रांतांत कालव्याची पाहणी करीत असतां ल बॅरन या लष्करी इंजिनियराला पीस नदीच्या पात्रांत फॉस्फेटचे खडे आढळले, व १८८८ पासून तेथून माल बाहेर जाऊं लागला. लवकरच नदी सोडून खाणवाले जवळच्या सपाट जमिनीकडे वळले. तिच्या पोटांत प्राचीन जलचरांचीं व थलचरांचीं हाडें इतकीं सांपडत कीं त्या प्रदेशाला ‘बोन व्हॅली’, म्हणजे हाडांचें खोरें, असेंच नांव पडलें.

या खोऱ्यांतील खनिज म्हणजे स्थूलमानानें तीन वांटेकऱ्यांचा मामला. एक भाग फॉस्फेट, एक भाग वाळू, एक भाग चिकणमाती. पहिलीं तीस-चाळीस वर्षें काम अगदीं घरगुती पद्धतीनें चाले. पाण्याच्या मोठ्या झोतानें माती फोडावयाची, ती हौदांत ढवळून धुवावयाची, चाळणीवर वाटाण्याएवढे खडे राहतील ते विकावयाचे, आणि रव्यासारखा जो बारीक माल चाळणीखालीं पडेल तो चिकणमातीसकट टाकून द्यावयाचा. त्या रव्यांतहि पुष्कळ फॉस्फेट होतें. परंतु वाळूचे आणि फॉस्फेटचे कण सारख्याच आकाराचे. चाळण त्यांना ओळखूं शकत नव्हती. खड्यांचें प्रमाण जेथें भरपूर होतें तेथें कोणाला याची खंत वाटली नाहीं. पुढें खडे कमी आणि रवा अधिक अशी जमीन लागूं लागली, तेव्हां १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस फ्लॉरिडांत फेसाचे हौद उभे राहिले. ब्रोकन हिलचीच ही पुनरावृत्ति.

परंतु ब्रोकन हिलचीं द्रव्यें येथें चालेनात. गंधकयुक्त खनिजांना जीं तेलें चिकटतात तीं फॉस्फेटला चिकटत नाहींत. येथें स्निग्धाम्लें लागलीं, म्हणजे ज्या पदार्थांपासून साबण होतो ते. पुढें पाइन लांकडाच्या कागदगिरण्यांतून निघणारें ‘टॉल ऑइल’ स्वस्त पडलें. त्यांत थोडें जळाऊ तेल मिसळून अल्कधर्मी पाण्यांत तें रव्याला चोपडूं लागले. फॉस्फेट वर आलें खरें, परंतु त्याच्यासवें थोडी वाळूहि आली. खताच्या कारखान्यांना इतकी वाळू खपेना. यावर आर्थर क्रेगो यानें काढलेला तोडगा १९४२ सालच्या पेटंटांत नोंदला गेला. पहिल्या फेसांतील माल गंधकाम्लानें खसखसून धुवावा, म्हणजे त्यावरचें तेल निघून जाईल. मग ॲमाइन या वर्गाचें निराळें द्रव्य घालून या खेपेस वाळूच तरंगवावी आणि फॉस्फेट तळाशीं राहूं द्यावें. एकदां याला वर काढावयाचें, एकदां त्याला! एखाद्याला ही द्राविडी प्राणायामाची तऱ्हा वाटेल. पण दुसरी कोणतीहि रीत त्या वाळूसाठीं इतकी उपयोगी ठरली नाहीं, आणि फ्लॉरिडाचे कारखाने पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावरच चालले.

आतां असें वाटावें कीं कृति ठरली, प्रमाणें ठरलीं, यापुढें नुसतें चाक फिरवावयाचें. प्रत्यक्षांत तसें झालें नाहीं, आणि या गोष्टीचा खरा गाभा येथेंच आहे.

फ्लॉरिडांत ड्रॅगलाइन नांवाचें अजस्र यंत्र खाणींतील माती उचलून एका खड्ड्यांत टाकतें. तेथें पाण्याच्या झोतानें तिचा लगदा होतो आणि तो लगदा नळांतून कित्येक मैल दूर असलेल्या कारखान्याकडे जातो. इतर खाणींत दगडाचे ढीग रचून चांगला-वाईट माल मिसळून घेण्यास अवसर असतो. येथें मधें तसा मोठा ढीग नाहीं. यंत्राचा डोल जमिनीच्या ज्या कोपऱ्यांत पडला, त्या कोपऱ्याची माती थोड्याच वेळांत हौदांत उतरते. सकाळीं वाळूचा भर, दुपारीं चिकणमातीचा. एका खाचेंत रवा जाड, शेजारच्या खाचेंत मैद्यासारखा.

यांतील प्रत्येक फरकाचा फेसावर परिणाम निराळा. चिकणमाती वाढली तर तिचे सूक्ष्म कण सारें तेल शोषून घेतात. कण जितका लहान तितका मापी मालामागें त्याचा पृष्ठभाग अधिक, म्हणून चिमूटभर चिकणमाती ओंजळभर रव्याचें तेल खाते. मग फॉस्फेटला तेल उरत नाहीं आणि तें वाळूबरोबर टाकाऊ मालांत जातें. कामगार तेलाची तोटी अधिक उघडतो. तोंवर खाणींत यंत्र पुढें सरकलेलें असतें, माती स्वच्छ येऊं लागलेली असते. मग वाढविलेलें तेल वाळूलाहि चोपडलें जाऊन फेसाचा कस उतरतो. रवा जाड आला तर निराळाच प्रकार. जाड कणाला तेल लागतें, तो बुडबुड्याला चिकटतोहि, परंतु त्याचें वजन बुडबुड्याला पेलत नाहीं व अर्ध्या वाटेंत तो सुटून पडतो. म्हणून जाड व बारीक रवा आधींच वेगळा करून दोहोंना निराळी वागणूक द्यावी लागते. पाण्याचें जडपणहि आड येतें. विहिरीच्या जड पाण्यांत साबणाचा फेस न होतां साका होतो, हें प्रत्येक गृहिणीला माहीत आहे. चुन्याचा अंश असलेल्या पाण्यांत स्निग्धाम्लाची तीच गत होते. ॲमाइनचा स्वभाव तर त्याहून नाजूक. गढूळ पाणी त्याला मुळींच सोसत नाहीं.

प्रयोगशाळेंतील पृथक्करणाचा आंकडा हातीं येईपर्यंत कित्येक तास जात. तोंवर हौदाशेजारीं उभ्या असलेल्या माणसाचा डोळा हेंच उपकरण. फेसाचा रंग, बुडबुड्यांचा आकार, फेस कांठावरून कसा सांडतो, बोटांत चोळला असतां किती खरखरतो, यांवरून तो तेल वाढवी किंवा कमी करी. या विद्येच्या इतिहासांत पेटंट घेणाऱ्यांचीं नांवें आहेत; या माणसांचीं नाहींत. तोल चुकला तर जाणारा माल मात्र लहानसहान नसे.

धुऊन काढलेली चिकणमाती तरी जाते कोठें? तिच्यासाठीं बांध घालून विस्तीर्ण तळीं करावीं लागलीं. ती इतकी सूक्ष्म कीं वर्षानुवर्षें पाण्यांत लोंबकळत राहते. खाणींतील एकूण फॉस्फेटपैकीं एक तृतीयांशाच्या आसपास हिस्सा या चिकणमातीबरोबर जातो असा अंदाज आहे, आणि इतक्या सूक्ष्म कणांना बुडबुड्यावर बसविणें कोणालाहि किफायतशीरपणें साधलेलें नाहीं. १९७१ सालच्या डिसेंबरांत फोर्ट मीड गांवाजवळ अशा एका तळ्याचा बांध फुटला आणि तो लगदा पीस नदींत शिरून मासे मोठ्या संख्येनें मेले. ज्या नदीनें प्रथम हें धन दाखविलें तिच्याच पात्रांत तें असें परत गेलें.

उत्तरेकडील चांगली जमीन जसजशी संपत आली तसतसे खाणवाले दक्षिणेकडे सरकले. तेथें त्यांना नवा सोबती भेटला: डोलोमाइट. हा चुना व मॅग्नेशियम यांचा कार्बोनेट. दगडांत मॅग्नेशियम ऑक्साइडचें प्रमाण शेंकडा १ च्या वर गेलें कीं फॉस्फरिक आम्लाच्या कारखान्यांत कटकटी सुरू होतात. गंधकाम्ल अधिक खर्चतें, आम्ल दाट होऊन गाळणीवर अडतें, खताचा कस राहत नाहीं. गंमत अशी कीं हा डोलोमाइट बहुशः खड्यांत असतो. उत्तरेंत खडे ठेवून रवा टाकीत असत. दक्षिणेंत कित्येक ठिकाणीं रवा चांगला आणि खडे वाईट! आजोबांनीं जें जपलें तें नातवानें बाजूस काढावें अशी वेळ आली.

आणि येथें जुनी कृति निरुपयोगी ठरली. वाळूच्या पृष्ठभागावर चुन्याचा अंश नसतो, म्हणून स्निग्धाम्ल तिला टाळून फॉस्फेटला धरतें. डोलोमाइट व फॉस्फेट या दोघांच्याहि अंगावर चुन्याचा अंश आहे. स्निग्धाम्लाला दोघे जुळ्या भावांसारखे दिसतात. त्यांना ओळखण्यासाठीं संशोधकांनीं उलटा मार्ग धरला. पाणी सौम्य आम्लधर्मी केलें असतां फॉस्फेटवरचा स्निग्ध लेप टिकत नाहीं, डोलोमाइटवर मात्र टिकतो. तेव्हां डोलोमाइट फेसांत जातो आणि फॉस्फेट खालीं राहतें. प्रयोगशाळेंत हें उत्तम जमलें. परंतु कार्बोनेट स्वतःच आम्ल खातो, त्यामुळें डोलोमाइट कमीअधिक आला कीं आम्लाचा हिशेबहि चुकतो आणि खर्च वाढतो. या व अशाच प्रश्नांसाठीं फ्लॉरिडाच्या विधिमंडळानें १९७८ सालीं बार्टो येथें फॉस्फेटसंशोधनाची स्वतंत्र संस्था स्थापन केली. खाणवाल्यांचा नित्याचा उपाय मात्र साधाच राहिला. आगाऊ भोकें पाडून जमिनीची परीक्षा करावी, आणि मॅग्नेशियमचा माल स्वच्छ मालांत मिसळून खपवावा. स्वच्छ माल पुरेल तोंवर हें चालतें.

सर्वच देशांच्या वांट्याला अशी कटकट आली असें नाहीं. रशियाच्या उत्तर टोकाला कोला द्वीपकल्पांत हिबिनी डोंगर आहेत. तेथील फॉस्फेट भूगर्भांतील रस गोठून झालेलें, टपोऱ्या स्फटिकांचें. फर्समन या खनिजशास्त्रज्ञानें १९२० पासून तेथें मोहिमा काढल्या, आणि १९३१ सालीं तेथें फेसाचा कारखाना सुरू झाला. स्फटिक मोठे, सोबती मुख्यतः नेफेलीन नांवाचें खनिज. दोहोंचे स्वभाव भिन्न, म्हणून फॉस्फेट मुकाट्यानें वर येई, आणि शेंकडा ३९ फॉस्फरस पेंटॉक्साइड असलेला माल तयार होई. तितका कस फ्लॉरिडाच्या मालांत कधींच येणार नाहीं. त्या मालामागें घरादारांतून हुसकून तेथें पाठविलेल्या हजारों शेतकरी कुटुंबांचे श्रम होते, हेंहि नोंदलें पाहिजे.

ब्राझील देशांतील जाकुपिरांगा येथें दगड असाच तप्त रसापासून झालेला, पण त्याचा सोबती चुनखडी. वरचा हवापाण्यानें मुरलेला थर कसदार होता, कारण पावसानें चुनखडी विरघळून नेली होती. तो सरला आणि शेंकडा ५ फॉस्फरस पेंटॉक्साइडचा हिणकस ताजा दगड उघडा पडला. साँव पाउलो विद्यापीठाचे प्राध्यापक पाउलो आबिब आंदेरी यांनीं १९६० नंतरच्या दशकांत त्यावर तोड काढली ती मक्याच्या पिठाची. शिजविलेल्या पिठाची खळ चुनखडीच्या कणांवर चढते व त्यांना पाण्याचें प्रेम लावते, मग स्निग्धाम्लाला तेथें शिरकाव मिळत नाहीं. धोतराला लावण्याच्या खळीनें खाण वांचविली, असें म्हटलें तरी चालेल. हीच खळ समुद्रांत झालेल्या फॉस्फेटवर तितकी कामीं येत नाहीं. तेथें कण सच्छिद्र, कार्बोनेट त्यांच्या घडणींतच शिरलेला, आणि खळ आप-पर भेद पाळीत नाहीं.

हिंदुस्थानांतील मुख्य फॉस्फेट १९६८ सालीं राजस्थानांत उदेपूरजवळ झामरकोटडा येथें सांपडलें. त्याची घडण या सर्वांहून आगळी आहे. अब्जावधि वर्षांपूर्वींच्या उथळ समुद्रांत सूक्ष्म जीवांच्या थरावर थर चढून बोटांसारखे स्तंभ उभे राहिले. त्यांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. फॉस्फेट त्या स्तंभांत आहे, आणि स्तंभांच्या मधल्या फटींत डोलोमाइट भरलेला आहे. दगड फोडला तर करड्या बोटांच्या पेरांसारखी नक्षी नुसत्या डोळ्यांनाहि दिसते. स्तंभ दाट असतील तेथला दगड तसाच खतकारखान्याकडे जातो. विरळ असतील तेथला हिणकस ठरतो. येथें धुण्याचा किंवा चाळण्याचा उपयोग नाहीं, कारण वाळूमाती नसून अखंड पाषाण आहे. तो दळावाच लागतो. म्हणून १९९० नंतरच्या दशकांत हिणकस दगडासाठीं तेथें दळणाचा व फेसाचा कारखाना उभारला गेला. जाडसर दळलें तर एकाच कणांत अर्धा भाग फॉस्फेट व अर्धा डोलोमाइट राहतो आणि तो कण कोणत्या बाजूला जावा हें फेसाला कळत नाहीं. फार बारीक दळलें तर फ्लॉरिडाच्या चिकणमातीसारखी धूळ होऊन ती तेल खाऊं लागते. किती दळावें याचें उत्तर स्तंभांच्या जाडीवर अवलंबून आहे, आणि ती जाडी खाणीभर एकसारखी नाहीं.